दोन डाव्या बाह्या

थोरलीने उपास धरला होता, पण देवाचा नव्हे. धाकट्या जावेच्या कमरेचा.

घरच्या शिवणाच्या दुकानात दोघी समोरासमोर बसत. एकदा धाकटीने सहज गंमत म्हणून स्वतःची कमर मोजली. अठ्ठावीस! थोरलीने मग दाराआड जाऊन आपली मोजली आणि टेप मुकाट्याने गुंडाळून ठेवली. दुसऱ्या दिवसापासून तिची न्याहारी बंद.

धाकटी मात्र रोज ऐसपैस बसून लोण्याचे दोन पाव, केळं आणि पेलाभर दूध संपवायची.

"या की, जाऊबाई."

"नको गं. सकाळी मला भूकच नसते."

संध्याकाळी हीच थोरली खाऊच्या डब्यावर अशी तुटून पडे, की झाकण लावायचं भान राहत नसे. महिन्याभरात टेप दोन बोटं पुढे सरकली. 'हिला खाऊनही अंगी लागत नाही, आणि मला नुसतं बघून लागतं!' ती मनात चरफडली.

त्यातच सासऱ्यांनी, म्हणजे मास्तरांनी, जाहीर केलं, "माझी नजर अधू झाली. हा कोट थोरली कापेल. जमला, तर माझी कात्री तिची."

नाही जमला तर कोणाची, हे सांगायची गरज नव्हती.

त्या दिवशी तिने चहासुद्धा घेतला नाही. अकराच्या सुमाराला डोळ्यांपुढे काजवे चमकले. एक बाही कापून झाली. दुसरीसाठी कागदाचा साचा उलटा ठेवायचा असतो. तिने तो तसाच ठेवला. दोन्ही बाह्या डाव्या! आणि अखंड कापड संपलेलं.

धाकटीने पाहिलं. आता ही बोंब मारणार, असं थोरलीला वाटलं. पण तिने थोरलीच्या हातात पाव ठेवला.

"आधी खा. मग काय रडायचं ते रडा."

उरलेल्या तुकड्यांतून तिने काखेत जोड देऊन उजवी बाही काढली. "काखेत कोण डोकावतंय?"

पाव गोड लागला, आणि त्याचाच थोरलीला राग आला. देवाने हिला कमर दिली ती दिली, वर मनही दिलं!

मास्तरांची नजर अधू असली तरी बोटं जागी होती. "हा जोड कशाचा?"

"माझ्याच हातून कापड वाया गेलं," धाकटी पटकन म्हणाली.

थोरली चटकन पुढे झाली. एवढं पुण्यसुद्धा हिलाच?

"खोटं बोलतेय ती, मामंजी! चूक माझी. उपाशी पोटी कापलं मी."

मास्तर मिशीत हसले. "खरं बोललीस, मग कात्री तुझीच. पण रोज सकाळी ती धाकटीच्या हातून घ्यायची, न्याहारी झाल्यावर."

दुसऱ्या दिवशी धाकटी येण्याआधीच थोरली ताटावर बसली होती.

"अगंबाई! आज भूक लागली वाटतं?"

"गप बस. तू किती पाव खातेस गं, दोन?" थोरलीने ताट पुढे सरकवलं. "मला अडीच वाढ. आणि कात्री कुठेय?"