बदलीचं पत्र

रामप्रसाद फौजदार होते तेव्हा गोदाकाठी वाळूच्या गाड्या फिरकत नसत. राजीनामा देऊन ते आमदारकीला उभे राहिले ते याच नावावर. पण नावावर फक्त सभा भरल्या. माणसं मतदानाला बाहेर काढायला बंकट लागला. गेवराईच्या पट्ट्यात त्याचे सात हायवा ट्रक चोरटी वाळू वाहतात, हे रामप्रसादांना ठाऊक होतं. एकदा निवडून येऊ, मग बघू, असं त्यांनी मनाला समजावलं. निवडून येऊनही आता तीन वर्षं झाली होती.

त्या सकाळी बंकट थेट आतल्या खोलीत आला.

"आपला हायवा धरलाय, साहेब. नव्या फौजदारीणबाईनं, पंचशीलानं. लावा फोन."

रामप्रसादांचा हात फोनकडं गेला नाही. पंचशीला म्हणजे त्यांच्या हवालदाराची, आश्रुबाची पोर. वाळूचा ट्रॅक्टर अडवताना आश्रुबा चाकाखाली गेला, त्यानं त्यांच्याच मांडीवर जीव सोडला होता. पुढं पोरीला पोलीस भरतीच्या क्लासला त्यांनीच घातलं.

तरी त्यांनी फोन लावला.

"जय भीम, काका. हायवासाठीच ना?"

"सोड पोरी गाडी."

"पंचनामा झाला, काका. आन् झाला नसता तरी म्या सोडली नसती."

रामप्रसादांना एकदम हलकं वाटलं. फोन ठेवून ते म्हणाले, "पंचनामा झालाय, बंकट. आता माझ्या हातात काय न्हाई."

"हाय की." बंकटनं टेबलावरचं कोरं लेटरहेड त्यांच्यापुढं सरकवलं. "तिची बदली मागा. जिल्ह्याबाहेर."

"तिचा बाप माझ्यासमोर मेलाय रे."

"ट्रॅक्टर माझ्या मेव्हण्याचा व्हता, हे तुमाला तवाच कळलं व्हतं. तरी माझ्या जीपमधून प्रचार केलाच की. सांगू का लोकायला?"

रामप्रसादांनी पेन घेतलं. लिहिताना एकदाही वर पाहिलं नाही.

पंधरा दिवसांनी पंचशीला भेटायला आली. खोलीत माणसं होती, बंकटही होता. तिनं सॅल्यूट ठोकला.

"ऑर्डर निघाली, काका. उद्या निघते."

"आई कशी हाय?"

"बरी हाय. पत्र कुणी दिलं, ते तिला सांगितलं न्हाई म्या."

"पोरी, बस. चहा घे."

"नको."

ती जिना उतरून गेली. तिच्यामागं जावं, निदान फाटकापर्यंत तरी, असं रामप्रसादांना फार वाटलं. ते खुर्चीतून अर्धे उठलेही. बंकटनं नुसतं त्यांच्याकडं पाहिलं. ते पुन्हा खाली बसले आणि पुढच्या माणसाचा अर्ज वाचू लागले.