कोरडा चिंधू

"बाबा, पाय टाका ना आता," खुशबू तिसऱ्यांदा म्हणाली.

चिंधू वाळूवर मुठी आवळून उभा होता. अंगात नारिंगी लाइफ जॅकेट, डोक्याला मफलर, पायात कॅनव्हासचे बूट. नदी त्याच्या बुटांपासून दोन हातांवर निवांत वाहत होती आणि पोटरीभर पाण्यात त्याची लेक डोंगी धरून उभी होती. डोंगी म्हणजे कयाक. पाहुण्यांसमोर खुशबू कयाक म्हणायची, घरी मात्र प्लास्टिकची डोंगी.

"डोंगी कोरड्यावर आण," चिंधू म्हणाला. "मी बसतो, मंग ढकल. पायाले पानी लागू देनार नाई मी."

नागपूरहून आलेली चार माणसं आपापल्या कयाकमध्ये बसून हा तमाशा बघत होती. त्यातल्या एका मॅडमनं विचारलं, काकांना पाण्याची भीती वाटते का. खुशबू हसत म्हणाली, पाण्याची नाही हो, त्यांच्या आईची वाटते. सगळे हसले. चिंधूही हसला, कारण त्यात खोटं काहीच नव्हतं.

नाहीतरी ही हसण्यासारखीच गोष्ट होती. सिहोऱ्यापासून आत, ऐन वैनगंगेच्या काठावरचं गाव. इथलं पोरगं चालायला लागतं न लागतं तोच डुबक्या मारायला लागतं. आणि अशा गावात सत्तावन्न वर्षं काढून चिंधूनं नदीत घोटाभरसुद्धा पाय बुडवला नव्हता. त्यात कहर म्हणजे त्याची नोकरी. भंडारा जिल्हा तुटून गोंदिया वेगळा झाला त्याच्या आगेमागे गावात नळयोजना आली आणि चिंधू पंपावर लागला. तेव्हापासून गावातली प्रत्येक घागर त्यानं नदीच्या पाण्यानं भरली. मोटार बिघडली की पाना घेऊन तोच खोलायचा. पण नदीतल्या पाइपाच्या तोंडाशी, गाव ज्याला फुटबॉल म्हणतं त्या झडपेत, शेवाळ अडकलं की चिंधू काठावर बसायचा आणि त्याचा दोस्त धनीराम ढिवर बुडी मारायचा. बुडी मारून वर आला की धनीराम न चुकता म्हणायचा, "साऱ्या गावाले पानी पाजतो बाप्पा, अन् सोता कोरडाच्या कोरडा." तेच नाव पडलं. कोरडा चिंधू.

याच्यामागे होती सुमनबाई, त्याची आई.

सुमनबाईचं पहिलं बाळ तापानं गेलं. दुसरा सिद्धार्थ. तो पाच वर्षांचा झाला. उन्हाळ्यात नदीच्या वाळूत डांगरं-टरबुजं लावलेली असत, ती बघायला बापामागे गेला आणि वळणावरच्या डोहात घसरला. दुसऱ्या दिवशी सापडला. सुमनबाईला नदीवर कुणी जाऊ दिलं नाही. घरीच आणून दाखवला. त्यानंतर चिंधू झाला. जगावं म्हणून आजीनं त्याला उकिरड्यावर ठेवून उचललं आणि नाव चिंधू ठेवलं. चिंधीला कोण नेतं? पण सुमनबाईचं तेवढ्यानं समाधान होईना. एरवी बाईनं नवस बोलला असता, मातामायपुढं कोंबडं कबूल केलं असतं. पण वस्तीनं छप्पन साली धम्म घेतला होता, नवस-सायास सोडले होते, आणि सुमनबाई दिलेल्या शब्दाला फार जपायची. देवाकडे मागायची सोय राहिली नव्हती, म्हणून तिनं पोराकडेच मागितलं. चिंधू शाळेत जायला लागला त्या दिवशी त्याचा हात आपल्या डोक्यावर ठेवून म्हणाली, "नदीत पाय टाकशीन, त माहं मेलं तोंड पायशीन."

सहा वर्षांच्या पोराला शपथ म्हणजे काय ते कळत नव्हतं. मेलं तोंड म्हणजे काय, ते मात्र नीट कळलं.

पुढे तो शिकला, बुद्धविहारात बसून अंधश्रद्धेवर भाषणं ऐकली, टाळ्या वाजवल्या. पण नदीपुढे आला की पाय थबकायचे. लग्नानंतर बायको निर्मला एकदा म्हणाली, अहो, चिखल धुवायला तरी उतरा. तर हा गडी चिखलाच्या पायांनी घरापर्यंत चालत गेला आणि नळाखाली धुतले.

खुशबूची गोष्ट वेगळी. ती तुमसरला हॉस्टेलवर असताना पोहायला शिकून आली. सुमनबाई त्या दिवशी जेवली नाही. दुसऱ्या दिवशी भाताचा घास घेताना म्हणाली, तू शिकून आली, तुह्यी गोष्ट अलग. मग गावातल्या चार पोरापोरींनी मिळून कयाकचा धंदा सुरू केला आणि खुशबू त्यांची गाइड झाली. भंडाऱ्याकडे हीच वैनगंगा धरणाच्या फुगवट्यानं तुंबून हिरवी पडते. इथे वर मात्र थंडीत असं नितळ पाणी असतं की वाळूतला शिंपला उचलून घ्यावासा वाटतो. शनिवार-रविवारी नागपूरची माणसं गाड्या करून येतात.

दोन हिवाळे चिंधूनं पंपघराच्या दारातून लेकीला संध्याकाळच्या उन्हात जाताना आणि परत येताना पाहिलं होतं. ती परत आली की पहिल्यांदा हात करायची ती पंपघराकडे. त्याचा जीव तुटायचा. का तुटायचा ते विचाराल तर त्याला सांगता आलं नसतं. शेवटी परवा अंथरुणावर पडल्या पडल्या त्याला वाट सापडली. आई म्हणाली होती नदीत पाय टाकू नको. डोंगीत बसू नको असं कुठे म्हणाली होती? त्यानं निर्मलेला उठवून हे सांगितलं. निर्मला म्हणाली, मी काही ऐकलं नाही, आणि कूस बदलून झोपली.

तर असा तो कायदा काढून चिंधू आज आला होता. खुशबूनं कपाळावर हात मारला, पण डोंगी ओढून वाळूवर आणली. बाप पुढच्या बैठकीवर बसला. नागपूरच्या एका साहेबानं आणि खुशबूनं मिळून डोंगी ढकलली, ती पाण्यावर तरंगली आणि खुशबू मागे चढली.

चिंधूनं दोन्ही हातांनी कडा घट्ट धरल्या होत्या. थोड्या वेळानं त्यातला एक सुटला. मग दुसरा.

"कसं वाटून राहिलं, बाबा?"

तो खाली बघत होता. त्याच्या खालून वाळू सरकत होती, वाळूवर त्याच्या डोंगीची सावली सरकत होती आणि सावलीतून बारीक मासे इकडेतिकडे पळत होते. आयुष्यभर ज्याचा आवाज ऐकला ते असं दिसतं होय! इतक्यात पार्श्वभागाला गार लागलं. डोंगीच्या बुडाला आरपार भोकं होती, त्यातून थोडं पाणी वर आलं होतं.

"खुशबू, पानी आत येऊन राहिलं!"

"येते बाबा, बनावटच तशी आहे. डुबत नाही."

"अवो पन बुटाले लागलं!"

खुशबू म्हणाली, तुम्ही नदीत पाय टाकला नाही, नदीनं तुमच्यावर टाकला. चिंधूनं यावर विचार केला आणि हा मुद्दा आपल्या बाजूनं आहे असं ठरवलं. मग तिनं त्याला वल्हं दिलं. उजवीकडे मारलं की डोंगी डावीकडे वळते, हे ऐकून पंपवाल्याला फार मजा वाटली. दोनदा भलतीकडे गेला, एकदा नागपूरच्या मॅडमवर पाणी उडवलं, आणि माफी मागताना असा मोकळा हसला की खुशबू वल्हं थांबवून बघत राहिली. असं हसताना तिनं बापाला कधी पाहिलंच नव्हतं.

सूर्य झाडांवर टेकला तेव्हा ते वळणावर आले. काठावर वाकलेलं जुनं जांभळीचं झाड दिसलं आणि चिंधूचं हसणं तिथंच मिटलं. त्यानं वल्हं वर घेतलं.

"इथून नोको जाऊ. डोह हाय."

"कोणता डोह?"

"सिद्धार्थदादाचा."

बापाचे थोरले भाऊ, तिचे मोठे बाबा, लहानपणीच नदीत गेले हे खुशबूला ठाऊक होतं. कुठे, ते घरात कुणी कधी बोललं नव्हतं. ती हळूच म्हणाली, "बाबा, मी दोन हिवाळ्यांपासून इथूनच जाते. इथं डोह नाही."

"पागल झाली का? जांभळीपासी."

तिनं वल्हं उभं धरलं आणि पाण्यात सोडलं. ते अर्ध्यावर थांबलं. तिनं दाबून बघितलं. खाली घट्ट वाळू होती. चिंधूनं आपलं वल्हं टाकून पाहिलं. इकडे टाकलं, तिकडे टाकलं. सगळीकडे तेच. कुठल्याशा मोठ्या पुरात डोह वाळूनं भरला होता, पंचवीस-तीस वर्षांपूर्वीच. मासे धरणाऱ्या साऱ्या ढिवरांना हे माहीत होतं. धनीरामला माहीत होतं. पण त्या घरापुढे त्या डोहाचं नाव काढणार कोण?

चिंधू पाण्याकडे बघत राहिला. संध्याकाळचं ऊन सरळ तळापर्यंत गेलं होतं. ज्या जागेच्या भीतीनं त्याची आई रात्री दचकून उठायची, जिच्यामुळे ती पुन्हा कधी नदीवर आली नाही, नळ आला तेव्हा आता पाण्यासाठी कुणाला जिच्याकडे जावं लागणार नाही म्हणून तोटीला हात लावून ती रडली, ती जागा ही अशी. स्वच्छ, उथळ, खाली पिवळी वाळू. त्याला हसू येईना आणि रडूही येईना.

"डोंगी थांबव," तो म्हणाला.

"बाबा, काय करता?"

त्यानं दोन्ही पाय एका बाजूला घेतले आणि नदीत उतरला.

पाणी बर्फासारखं होतं. कमरेपर्यंत आलं आणि थांबलं. बुटांखाली वाळू जराशी खचली, मग घट्ट झाली. मागे नागपूरच्या मंडळींनाही काही कळलं असावं, कारण कुणी फोन काढला नाही. चिंधू आपल्याहून मोठ्या आणि आपल्याहून कायम लहान राहिलेल्या भावाच्या जागी उभा राहिला. जांभळीच्या झाडाकडे तोंड करून त्यानं हात जोडले.

आणि मग त्याला धडकी भरली.

मेलं तोंड. विहारातली सगळी भाषणं एका क्षणात वाहून गेली. घाईघाईनं डोंगीवर चढताना तो दोनदा घसरला. "घरी चाल," एवढंच म्हणाला. परतीच्या वाटेवर पंपवाल्यानं वल्हं असं मारलं की खुशबूला मागे काही कामच उरलं नाही. काठाला लागताच सरळ घोटाभर पाण्यात उडी टाकली, लाइफ जॅकेट अंगातच, आणि गावाकडे निघाला. पळत होता म्हणवत नव्हतं, पण चालतही नव्हता. वाटेत धनीराम भेटला, भिजलेला चिंधू बघून आ वासून उभा राहिला. त्याच्यापाशीही हा थांबला नाही.

सुमनबाई दारात बसून सुपात तांदूळ निवडत होती.

चिंधू अंगणात थांबला. धाप लागली होती. आई खडा काढून बाजूला टाकते, दुसरा शोधते, हे तो डोळे भरून बघत राहिला. तिचं तोंड, बोळकं, सुरकुतलेलं, पुटपुटणारं, चांगलं जितंजागतं तोंड. त्याला फार बरं वाटलं.

तिनं वर पाहिलं. नजर कमी झाली होती, पण पाणी टपकल्याचा आवाज तिला ऐकू आला.

"चिंधू? तू भिजला?"

"भिजलो, माय."

"नळ फुटला का रे?"

आईपुढे खोटं बोलणं त्याला कधी जमलं नाही. "नदीत गेलतो."

सुमनबाईच्या हातातलं सूप थांबलं. स्वयंपाकघरातून निर्मला दारापर्यंत आली आणि तिथंच थांबली. चिंधू आईसमोर उकिडवा बसला आणि सगळं सांगून टाकलं. डोंगीत बसलो, जांभळीपर्यंत गेलो. "तो डोह नाई राहिला, माय. बुजला. वाळू भरली. वल्हं टाकून पायलं आमी. खालचं सारं दिसते, निस्ती वाळू हाय. भेव वाटन असं काईच नाई तिथं."

ती शपथेचं बोलेल म्हणून तो मान खाली घालून बसला.

"बुजला," ती म्हणाली. "मंग माह्या सिद्धार्थची जागा बी नाई राहिली म्हना."

चिंधूला हे सुचलंच नव्हतं. डोह गेला म्हणजे आईची भीती जाईल, एवढंच त्याच्या डोक्यात होतं. भीतीबरोबर तिचं आणखी काय जाणार होतं, ते त्याला आता दिसलं.

"हाय ना, माय," तो म्हणाला. "जागा हाय. मी उतरून उभा राह्यलो तिथं. तेच्याच जागी. हात जोडून आलो."

"उभा राह्यला?"

"हो."

"केवढ्या पान्यात?"

तो उठून तिच्यापुढे उभा राहिला. सुमनबाईनं हात पुढे केला, त्याच्या गुडघ्यापासून वर चाचपत नेला आणि ओला कपडा संपून कोरडा लागला तिथं थांबवला.

"एवढं?"

"एवढंच, माय."

तिनं ती रेघ बोटांनी एका बाजूपासून दुसऱ्या बाजूपर्यंत तपासली. मग मान न वळवता सुनेला हाक मारली, म्हणाली, याले कोरडं काई आणून दे, थंडीचे दिवस हायत. निर्मला धोतर घेऊन आली आणि चिंधूच्या हातात द्यायला थांबली. सुमनबाईनं हात काढला नव्हता. तो तसाच, कमरेएवढ्या पाण्यावर, ठेवलेला होता.