आधी हवा, मग हार

मित्रांनो, मी एक जुनी स्टेपनी आहे, म्हणजे गाडीचं जादा चाक, आणि मी जाम वैतागलेली आहे. माझी कहाणी ऐकून रडायची गरज नाही. ऐकून झाल्यावर आपापल्या चाकांतली हवा तेवढी बघा.

कारखान्यातून निघाले तेव्हा केवढी ऐट होती माझी! काळं कुळकुळीत अंग, त्यावर खोल नक्षी. तिथून मी डोळखांबच्या सुरेंद्रकडे आले. सुरेंद्र आणि त्याची बायको रंजना जत्रांत भजी विकतात. जीपमागे ओढायची त्यांची एक पत्र्याची गाडी आहे. आत शेगडी, दोन बाकडी आणि सुरेंद्रच्या आईचा, रखमीचा, देव्हारा. जत्रांच्या दिवसांत तेच तिघांचं घर. त्या घराच्या पाठीला मला टांगलं.

टांगलं ते टांगलंच! खालची दोन चाकं गावोगाव फिरली आणि मी उन्हात वाळत राहिले. रखमी माझ्यावर ओली गोधडी टाकायची. दसऱ्याला मात्र प्रेमाला नुसता ऊत! हळदकुंकू, झेंडूचा हार, खालच्या चाकांखाली लिंबं. "हिच्या जिवावर तर फिरतो आमी," असं सुरेंद्र हात जोडून म्हणायचा. अरे बाबा, हात कसले जोडतोस, हवा बघ ना! हवा भरायच्या तोंडाचं टोपण कधीच हरवलं होतं. दर दसऱ्याला तिथे कुंकवाचा नवा थर बसायचा.

गेल्या पौषात आम्ही म्हशाच्या यात्रेला निघालो. निघायलाच उशीर झाला होता. वेळेत पोचलो नाही तर नेहमीची जागा दुसरा कोणीतरी धरणार, म्हणून सुरेंद्र घायकुतीला आलेला. नेमकं उतारावर डावं चाक फुटलं. चाक अडवायचे लाकडी ठोकळे यानेच मागच्या जत्रेत आंघोळीचं पाणी तापवायला जाळले होते! मग हाताला आला तो दगड उजव्या चाकाखाली सरकवला. वर शहाणपणा असा की मोकळं काम करता यावं म्हणून जीपही सोडवली. मी मनातल्या मनात किती ओरडले, पण स्टेपनीचं ऐकतो कोण?

रखमी आतच बसून होती.

"आई, खाली उतरा," रंजना म्हणाली.

"मी देवापाशी बसलीय. मला काय व्हतंय?"

"बसू दे गो तिला. आत्ता व्हईल," सुरेंद्र जॅक फिरवत म्हणाला.

"मंग देवाला पन घेऊन उतरा! चला!" रंजनाने सासूला हाताला धरून ओढलंच. रखमी बडबडत, देव पदरात घेऊन रस्त्याच्या कडेला टेकली.

सुरेंद्रने चाक आधी उचललं आणि मग नट सोडवायला पान्यावर पाय दिला. सगळं उलटं! अरे, चाक जमिनीवर असतानाच नट सैल करायचे असतात. गाडीला हिसका बसला, दगड निसटला, जॅक कोलमडला आणि गाडी धाडकन खाली आली. सुरेंद्र मागे पडला म्हणून वाचला. आत तेलाचा भरलेला डबा रखमीच्या बाकड्यावर आदळला होता. बाकडं मधोमध मोडलं होतं. तिघंही दारातून बघत राहिली.

मग आली अक्कल. जीप पुन्हा जोडली, ब्रेक ओढला, चाकाला मोठे दगड लावले, नट आधी सैल केले. मला चढवलं, जॅक खाली घेतला आणि मी सपशेल बसले. माझ्यात हवाच नव्हती!

"एवढी पूजा केली गो तुझी!" सुरेंद्र माझ्यावरच खेकसला. माझ्यावर! शेवटी टेम्पोत घालून मला मुरबाडला नेऊन हवा भरून आणली. आम्ही म्हशाला पोचलो तेव्हा आमच्या जागेवर दुसऱ्याची कढई तापत होती. रंजनाला रडू आलं. रखमी तिच्या पाठीवरून हात फिरवत म्हणाली, "जागा गेली तं गेली. मी हाय ना."

यंदाच्या दसऱ्याला सुरेंद्र हार घेऊन आला, तर रखमीने तो त्याच्या हातातून काढून घेतला. "आधी हवा, मग हार," ती म्हणाली. माझ्या तोंडावरचं कुंकू तिने स्वतः पुसलं. नवं टोपण आलं, नवे ठोकळे आले. चाक बदललं की थोडं अंतर गेल्यावर रंजना गाडी थांबवते आणि नट पुन्हा आवळायला लावते.

मित्रांनो, हार नसला तरी माझं अडत नाही. हवा भरा, अंगाला चिरा पडल्या की मला बदला, वाईट वाटून घेणार नाही. आणि गाडी जॅकवर असेल तेव्हा आत कुणालाही बसू देऊ नका. देवालासुद्धा नाही.