टक्क जागी

कानामागे, केसांच्या अगदी मुळाशी, ती बारीकशी गोळी अजून होतीच — वाळलेली, खरखरीत, नखाने खरवडली की चुरा होऊन बोटावर पांढरट उतरणारी. चार दिवस झाले. तीनदा केस धुतले, एकदा तर डोकं भाजेल इतक्या कढत पाण्याने, आणि तरी ही एक उरलीच. डोक्याला वायरी चिकटवताना ती तंत्रज्ञ मुलगी म्हणाली होती, “साधी पेस्ट आहे हो मावशी, दोन धुण्यांत निघून जाईल.” चुरा लागलेलं बोट तिने रुमालाला पुसलं आणि समोर पाहिलं.

झोपेच्या दवाखान्यातल्या सहाही खुर्च्या एकाच लोखंडी पट्टीवर बसवलेल्या होत्या. एक जण हलला की सगळे हलत. पलीकडचा जाडसर गृहस्थ हनुवटी छातीवर टाकून बिनघोर घोरत होता आणि त्याची बायको दर दोन मिनिटांनी त्याला कोपराने ढोसून सगळ्यांकडे पाहून ओशाळं हसत होती. लोक इथेसुद्धा झोपतात, तिच्या मनात आलं. पंख्याच्या खडखडाटात, चारचौघांत, तोंड उघडं टाकून झोपतात... आणि मी स्वतःच्या घरात, अंधारात, स्वतःच्या गादीवर तीन वर्षं तळमळते आहे.

तीन वर्षं — आई गेली त्या रात्रीपासून. सुरुवातीला सगळे म्हणाले, होतं असं, महिन्या-दोन महिन्यांत सुरळीत होईल. मग म्हणाले, फिरायला जात जा. मग कुणी काही म्हणेनासं झालं. चोवीस वर्षं ती कॉलेजच्या रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत सहायक होती. बाटल्या भरायच्या, लेबलं लावायची, मुलांच्या टेबलांवर मांडायची. चोवीस वर्षांत एक चूक नाही. आणि गेल्या महिन्यात तिने आम्लाच्या बाटलीवर शुद्ध पाण्याचं लेबल लावलं. कुणाला इजा झाली नाही. विभागप्रमुखांनी ऐन वेळी बाटली उचलली, वास घेतला, खाली ठेवली. ओरडले नाहीत. ओरडले असते तर बरं झालं असतं. “बाई, तुमच्या हातून?” एवढंच म्हणाले, आणि त्यातलं ते ‘तुमच्या’ अजून कानात रुतून होतं. मग, नजर टाळत, “झोप नाही म्हणता ना? एकदा नीट दाखवून घ्या. डॉक्टरांचं पत्र आणा. तोवर बाटल्यांना हात नको.”

तोवर परीक्षानळ्या धुवायच्या. नळाखाली, ब्रशने, एकामागून एक.

आतून नाव पुकारलं गेलं. ती उठली तशी खुर्च्यांची रांग हलली आणि जाडा गृहस्थ दचकून म्हणाला, “मी जागाच आहे.”

डॉक्टर पन्नाशीचे, मऊ आवाजाचे होते. ‘बसा’ म्हणाले तेही एखाद्याला पांघरूण घालावं तसं. टेबलावर कागदांचा गठ्ठा होता. त्यावर उंचसखल रेघा, एखाद्या शिडीवरून कुणी रात्रभर चढउतार केल्यासारख्या. गठ्ठ्याच्या वर, चिमट्यात लावलेला, तिने त्या सकाळी भरून दिलेला फॉर्म. ‘काल रात्री अंदाजे किती तास झोप लागली?’ त्यापुढे तिचं अक्षर: अजिबात नाही. खाली दोन रेघा. त्या मारताना तिला केवढं बरं वाटलं होतं... अखेर कुणीतरी रात्रभर यंत्र लावून पाहिलं होतं. आता मला सांगत बसायला नको. आता यंत्रच सांगेल.

“रिपोर्ट चांगला आहे तुमचा,” डॉक्टर म्हणाले. “तुम्ही सहा तास दहा मिनिटं झोपलात.”

ती हसली. खरोखरच हसू आलं तिला. “दुसऱ्या कुणाचा कागद आलाय डॉक्टर.”

त्यांनी नाव दाखवलं, वय दाखवलं, तारीख दाखवली.

“अहो, पण डोळ्याला डोळा लागला नाही माझा. सगळं ऐकत होते मी. रस्त्यावरून एक ट्रक गेला, मागे जाताना वाजतो तसा वाजला. कॉरिडॉरमध्ये त्या मुलीच्या चपला वाजत होत्या. कॅमेऱ्याचा तो लाल ठिपका... मी बघत होते त्याच्याकडे.”

“ऐकलं असेल. मधूनमधून जाग येतेच. पण त्या जागेपणाचे तुकडे तुमचं मन एकाला एक जोडतं आणि तुम्हाला वाटतं, रात्रभर जागी होते. तुम्ही खोटं बोलताय असं नाही म्हणत मी. काही जणांना झोप लागते, पण लागली होती हे कळत नाही. तुम्ही एकट्या नाही अशा.”

ते समजुतीने बोलत होते. गेल्या तीन वर्षांत इतकं समजुतीने कुणी बोललं नव्हतं, आणि तरी तिला वाटलं, आपल्या हातातून काहीतरी काढून घेतलं जातंय — हळूच, एकेक बोट सोडवून.

“कॅमेरा होता ना तिथे? मला बघायचंय,” ती म्हणाली.

डॉक्टरांनी संगणकाचा पडदा तिच्याकडे वळवला.

करड्या उजेडातली खोली. खाटेवर एक बाई. वायरींचं जंजाळ डोक्यावरून उशीमागे गेलेलं, तोंड उघडं, खालचा जबडा ढिला पडून एका बाजूला कललेला. स्वतःला झोपलेलं तिने आजवर कधी पाहिलं नव्हतं, कोण पाहतं? पण हा चेहरा पाहिलेला होता. हाच जबडा, हीच कललेली मान... आईची. कोपऱ्यात वेळ होती: तीन वाजून वीस मिनिटं. दार उघडलं. ती मुलगी आत आली, खाटेपाशी वाकली. “मावशी... बोटाची क्लिप निसटलीय. मावशी? हात देता जरा?” थांबली. पुन्हा हाक मारली. मग तिने स्वतःच बाईचा हात उचलला, बोटाला क्लिप लावली, हात पुन्हा चादरीवर ठेवला. उचलला तसा तो हात उचलला गेला आणि ठेवला तसा पडून राहिला. मुलगी निघून गेली. बाई झोपलेलीच.

यातलं तिला काही म्हणजे काही आठवत नव्हतं. ट्रक आठवत होता. त्या ट्रकच्या आधी काय, नंतर काय — एक सलग, काळी, जागी रात्र होती ती. त्या रात्रीत कुणी खोलीत आलं नव्हतं. कुणी हाक मारली नव्हती. शपथेवर सांगितलं असतं तिने.

“हे... किती वर्षांपासून असेल असं?”

“नक्की सांगता येत नाही. तुम्ही तीन वर्षं म्हणता, तर तीनही वर्षं असेल.”

“आणि त्याच्या आधी?”

“आधी?”

“म्हणजे आधीसुद्धा कधी — झोप लागलीय आणि मला वाटलंय की जागी आहे, असं झालेलं असू शकतं?”

“असू शकतं की,” डॉक्टर दिलासा देत म्हणाले. “म्हणून तर म्हणतो, घाबरायचं कारण नाही. तुम्ही समजता त्यापेक्षा तुमची तब्येत कितीतरी बरी आहे.”

मग त्यांनी पुष्कळ सांगितलं. झोपायच्या वेळा, घड्याळ उशाशी ठेवू नका, एका समुपदेशक बाईंचा फोन नंबर. तिने मान डोलावली. त्यांनी कॉलेजसाठी पत्र लिहिलं: नेहमीचं काम करण्यास हरकत नाही. पत्र घडी करून पर्समध्ये ठेवताना तिच्या लक्षात आलं की ज्यासाठी आपण आलो होतो ते मिळालं. बाटल्या परत मिळाल्या.

कॉरिडॉरमध्ये ती मुलगी वायरींचा गुंता हातावर घेऊन सोडवत उभी होती. तिला पाहून मनापासून हसली. “काय मावशी, झालं ना समाधान? मी त्याच रात्री ओळखलं होतं. कसल्या गाढ झोपला होतात! हाका मारल्या तर ओ म्हणून नाही. मग म्हटलं जाऊ दे, दमलेल्या आहेत, कशाला उठवा...”

“हो,” ती म्हणाली. “थँक्यू हं.”

रस्ता ओलांडून बसथांब्याच्या बाकावर ती बसली. दुपारचे बारा. समोरच्या दुकानाचं शटर कुणीतरी तेल घालून वरखाली करून पाहत होतं. ऊन सगळीकडे सारखं पसरलेलं होतं आणि तिला वाटत होतं, आपण खूप मोठ्या खोलीत बसलो आहोत आणि तिच्यातलं एकेक सामान कुणीतरी बाहेर नेत आहे.

आई गेली ती रात्र तिला पाठ होती. आई खाटेवर, ती खाली गादीवर, खाटेच्या पायथ्याशी नाही, अगदी कडेला, हात लांबवला तर आईचा हात लागेल अशी. साडेअकराला औषध. एकला आईने विचारलं, “झोपली नाहीस?” दोनला पाणी दिलं, उशी उंच केली, आईने डोळे मिटले. मग ती पडून राहिली, आईचा श्वास ऐकत. ऐकत होते मी. कुठेतरी कुत्रं भुंकलं. वरच्या मजल्यावर कुणी नळ सोडला. श्वास चालू होता. आणि पावणेसहाला खिडकी उजळली तेव्हा मी उठले —

उठले. या शब्दापाशी ती अडखळली. पडलेली होते ती उठले, की झोपलेली होते ती उठले? तीन वर्षं हा शब्द तिने किती जणांना सांगितला होता, आणि कधी त्याच्याकडे नीट पाहिलं नव्हतं.

आणि पेला.

पेल्याचं कुणालाच सांगितलं नव्हतं. लपवला होता असं नाही. स्टुलावर पाण्याचा स्टीलचा पेला होता, दोनला तिनेच भरून ठेवलेला. सकाळी तो खाटेखाली आडवा पडला होता आणि पाणी फरशीवरून वाहत येऊन तिच्या गादीचा कोपरा भिजला होता. आईचा हात खाटेबाहेर, स्टुलाच्या दिशेने. तिने आधी आईच्या छातीला कान लावला. मग कपाळाला हात. मग पोतेरं आणलं. लोक येतील, घसरतील म्हणून फरशी पुसली, पेला विसळून फडताळात ठेवला, गादी उलटी करून गुंडाळली. मग शेजारच्यांना हाक मारली. साधं काम केलं. बाटली सांडली तर आधी टेबल पुसायचं — चोवीस वर्षांची सवय हाताला.

फरशीवर स्टीलचा पेला पडला तर वरच्या मजल्यावर ऐकू जातं. मी वरच्या मजल्यावरचा नळ ऐकला.

शटर खाली आलं, वर गेलं, खाली आलं. तिला रडू येईल असं वाटलं, म्हणून तिने रुमाल काढून हातात धरला. पण आलं नाही. फक्त कान ताठ झाल्यासारखे झाले होते. आईने आधी हाक मारली असेल, की आधी पाण्याकडे हात नेला असेल? ‘बेबी’ म्हणाली असेल. घरात या वयातही सगळे तिला बेबीच म्हणत. आईची हाक मोठी नसायचीच, शेवटी शेवटी तर नुसता ओठांचा आकार... वाकून पाहिलं असेल का तिने खाली? माझं तोंड असं उघडं...

फोन वाजला. ताईचा.

ताई, थोरली, लांबच्या शहरात. आई गेली त्या दिवशी दुपारी येऊन पोचली होती. दारातच तिने विचारलं होतं, “हाक मारली होती का ग तिने?” आणि ती म्हणाली होती, “नाही. मी टक्क जागी होते. काही त्रास झाला नाही तिला, श्वास थांबला फक्त.” तेव्हा ताई तिच्या गळ्यात पडून रडली होती. नंतरही कितीदा म्हणायची, “तू जागी होतीस ना शेजारी, तेवढ्या एका गोष्टीवर मला झोप लागते बघ.”

“बेबी? काय म्हणाले ग डॉक्टर?”

तिने पर्स मांडीवर ओढून घेतली.

“झोप लागतच नाही म्हणाले. सगळी रात्र यंत्र लावून पाहिलं. एक मिनिटसुद्धा नाही.”

“अगं बाई...” ताईने सुस्कारा सोडला. “म्हणजे तू म्हणत होतीस तेच खरं. आम्हाला मेलं वाटायचं, मनाचे खेळ असतील. काही औषध देतील ना पण?”

“देतील.”

“जप ग. आईने तुझ्याइतकं कुणाला... जाऊ दे. घरी जाऊन पड जरा.”

“हो, पडते.”

फोन बंद झाला. ताईच्या त्या सुस्काऱ्यात कणव होती, आणि कणवेच्या तळाशी सुटका — ती तिला आज पहिल्यांदा ऐकू आली. एक बस आली, दार उघडून उभी राहिली, ड्रायव्हरने भुवया उंचावून पाहिलं. तिने मान हलवली तशी निघून गेली.

तिला वाटलं होतं, खोटं बोलताना आवाज कापेल. तसं काही झालं नाही. वाक्य आलं ते सरळ, एका दमात, वर्षानुवर्षं वापरून गुळगुळीत झाल्यासारखं. आणि आवाजही तोच, अगदी तोच, त्या दुपारी दारात ताईला सांगितलं होतं तेव्हाचा. आजचा खोटा होता हे तिला माहीत होतं. मग तेव्हाचा?... आणि ताईने खरंच विचारलं होतं का आधी? की ताई चपला काढत होती, तिने अजून मान वर केली नव्हती, आणि मीच म्हणाले होते, ताई, मी टक्क जागी होते ग... कुणी काही विचारायच्या आत?

ती आठवू लागली. दार आठवत होतं. ताईची बॅग आठवत होती. दोघींपैकी आधी कोण बोललं, ते काही केल्या आठवेना.