तांदळाच्या डब्यातून ऐकलेलं नाव

मित्रांनो, मी कानामागे बसणारं एक जुनं श्रवणयंत्र आहे. जुनं म्हणजे चारच वर्षांचं. पण त्यातली तीन वर्षं डब्यात गेली.

आष्ट्याचे आकाराम आजोबा सैन्यात तोफखान्यात होते. तोफांनी त्यांचे कान गेले. मुलानं त्यांना सांगलीला नेलं, तिथं संगणकाला जोडून मला त्यांच्या कानाजोगं केलं. घरी आल्यावर दारातल्या चिमण्या ऐकत आजोबा कितीतरी वेळ उभे होते. "पोरानं लय भारी वस्तू घेतली," असं गल्लीभर सांगत सुटले.

तेच कौतुक मला नडलं. भारी वस्तू रोज कोण वापरतं? लग्नकार्याला, पाहुण्यारावळ्यांत मला काढायचं. एरवी ओल लागू नये म्हणून तांदळाच्या डब्यात. घरच्यांशी बोलायला यंत्र कशाला? बनुबाई आजी ओरडून सांगायच्या, आजोबा "व्हय, व्हय" म्हणायचे.

पुढे आजींच्या घशात गाठ निघाली. मिरजेला ऑपरेशन ठरलं. आवाजाची पेटीच काढावी लागणार होती. आजोबांना तेवढं सांगायचं राहिलं. सुनेला वाटलं, मुलानं सांगितलं असेल. मुलाला वाटलं, सुनेनं.

निघायच्या सकाळी आजींनी नेमाप्रमाणे तुळशीला पाणी घातलं, देवापुढं दिवा लावला. आदल्या दिवशी वास्तुशांतीहून आल्यावर आजोबा मला बंद करायला विसरले होते, म्हणून डब्यातूनही सगळं ऐकू आलं.

"आवं, आज तेवढं कानात घाला की," आजी घोगऱ्या आवाजात म्हणाल्या.

"व्हय. पिशवी भरली."

"लग्नात उखाण्यात घेतलं तेवढंच तुमचं नाव. आता आवाजच जायचा. देवाला इचारून घेतलंय, एकदा घेतलं तर चालंल म्हणून." जरा थांबून त्या हलकेच म्हणाल्या, "आकाराम."

"व्हय, व्हय. च्या पिलो म्या. गाडी आली बघ."

आजी परतल्या त्या मुक्या होऊन. सून अंकितानं सारं समजावलं, तेव्हा आजोबांनी डबा पालथा केला. तांदूळ घरभर झाले. तेव्हापासून सकाळपासून झोपेपर्यंत मी त्यांच्या कानातच.

"तवा निघताना काय म्हणालीस गं?" ते रोज विचारतात. आजी नुसता हात हलवतात, काही नाही म्हणून.

"अंकिता, आवाज वाढव जरा."

ती मोबाइलवरून वाढवते. मग कुकर, रस्त्यावरचे उसाचे ट्रॅक्टर, सारं आत येतं. आजींच्या गळ्याला पाडलेल्या छिद्रातून श्वासाची बारीक शीळ येते. आता तेवढाच त्यांचा आवाज. पण मी नव्या धाटणीचं यंत्र. एकसुरी आवाज म्हणजे गोंगाट, तो दाबायचा, असं मला शिकवलेलं आहे. आजींची ती शीळही माझ्याकडून दाबली जाते.

ते नाव मला ठाऊक आहे. पण ऐकलेलं पुन्हा ऐकवायची सोय माझ्यात नाही.

मित्रांनो, तुमच्या घरी कुणाचं असं यंत्र डब्यात असेल, तर आजच काढा आणि त्यांच्या कानात बसवा. पाहुण्यांसाठी राखून ठेवू नका. पाहुणे मोठ्यानं बोलतात. घरची माणसं हळू बोलतात, आणि कधीकधी एकदाच बोलतात.