एकदाच सांगितलेली गोष्ट

"श्वास रोखून धर, निंगक्का. हलू नकोस," म्हणत महादेवीनं मशीनची पट्टी तिच्या छातीवर घट्ट दाबली.

"अगं, मी रोट्यासुद्धा एवढ्या निर्दयपणे थापत नाही!" निंगक्का कळवळली.

दोघी गदगच्या एकाच गल्लीतल्या. निंगक्काची बसस्टँडमागे खानावळ होती. एकसष्टाव्या वर्षी छातीत गाठ लागल्यासारखी वाटली, म्हणून ती घाबरून आली होती. महादेवी या इस्पितळात बावीस वर्षं बायकांच्या छातीचे फोटो काढत होती.

पडद्यावर गाठ नव्हती. पण दोन्हीकडच्या रक्तवाहिन्या चुन्यानं सारवल्यासारख्या पांढऱ्या दिसत होत्या. उतारवयातल्या बायकांत हे तिनं पुष्कळदा पाहिलं होतं, पण इतकं दाट नाही.

तिनं डॉक्टरांना विचारलं, "सर, हे रिपोर्टात लिहायचं?"

"वय झालं की शिरांत चुना साठतोच. कॅन्सर नाही ना? बाहेर रांग बघा."

रिपोर्टात लिहून आलं, गाठ नाही. निंगक्कानं कागद कपाळाला लावला.

महादेवी तिला जिन्यापर्यंत सोडायला गेली. "अक्का, चढताना धाप लागते का गं?"

"या वयात धाप नाही लागणार, तर काय पंख फुटणार?"

"एकदा हृदयाच्या डॉक्टरांना दाखव. तुझ्या शिरांत चुना दिसतोय."

"धाकट्या बहिणीसारखी तू, तंगी, आत्ताच जीवदान दिलंस. लगेच परत मागू नकोस!" हसत ती उतरून गेली. संध्याकाळी तिनं घरोघर शेंगांच्या पोळ्या वाटल्या.

पुढचे चार महिने महादेवीला ती रोज दिसे. पिठाचा डबा घेऊन येताना मध्येच भिंतीला हात टेकून थांबलेली. पुन्हा सांगावं, असं दर वेळी मनात येई. पण डॉक्टरांनीच लिहिलं नाही, तिथं आपण कोण, असं म्हणून ती पुढे जाई.

एका सकाळी निंगक्का छाती धरून परातीपुढेच कलंडली. रिक्षा येईपर्यंत सगळं संपलं होतं.

तिसऱ्या दिवशी महादेवी भेटायला गेली, तेव्हा हुबळीहून आलेली लेक शिवलीला तो रिपोर्ट घेऊन बसली होती.

"अव्वानं हा देव्हाऱ्यात ठेवला होता. यात तर सगळं चांगलं लिहिलंय. मावशी, फोटोत काही दिसलं होतं का?"

नाही म्हणता आलं असतं. कागद तेच सांगत होता.

"दिसलं होतं," महादेवी म्हणाली.

"अव्वाला सांगितलंत?"

"सांगितलं."

"किती वेळा?"

"एकदा."

 आतून कुणीतरी चहा आणून ठेवला. शिवलीलानं तो महादेवीपुढे सरकवला.

"घ्या," म्हणाली आणि तोंड भिंतीकडे फिरवलं.

महादेवी कप धरून बसून राहिली. चहावर साय धरली, तरी तिला तो ओठांना लावता आला नाही.