उपाशी कोळसा

गौरम्माने शेजारच्या रावजीच्या मदतीने नवऱ्याला, सिद्धप्पाला, टमटममधून उतरवलं आणि बांधावरून डावीकडे न्यायच्या ऐवजी उजवीकडे नेलं. उजवीकडचं रान रावजीचं, ज्वारी हिरवीगार, कमरेच्या वर. डावीकडचं त्यांचं स्वतःचं, आणि तिकडं बघवत नव्हतं.

सिद्धप्पाला पावसाळ्याच्या तोंडाला झटका आला, उजवं अंग गेलं आणि डोळ्यांपुढं धुकं बसलं ते बसलंच. रंग तेवढा कळायचा. त्याआधी उन्हाळाभर त्याला एकच वेड. तुराट्या खड्ड्यात जाळायच्या, राख व्हायच्या आत पाणी मारून विझवायच्या आणि तो कोळसा रानात घालायचा. मैंदर्गीच्या शिबिरात ऐकून आला होता. बायोचार म्हणतात त्याला. धूर होऊन हवेत जायचं ते मातीत राहतं, ओल धरतं, शेकडो वर्षं हलत नाही. "आपुन जाऊ, पर ह्यो ऱ्हाईल," असं म्हणताना किती खुलायचा! पथ्य एकच होतं. कोळसा आधी शेणकाल्यात मुरवायचा. कोरडा घातला तर तो उपाशी कोळसा पिकाच्या तोंडचंच खातो.

आता शेण आणायचं कुठून? गुरांचं करायला माणूस उरलं नाही म्हणून तिने त्याला न सांगता सगळी विकली होती. रब्बीची पेरणी आली, तसा त्याची हौस वाया जाऊ नये म्हणून तो ढीग तिने एकटीने पाट्या भरभरून कोरडाच विसकटला. ज्वारी वीतभर आली आणि पिवळी पडून तिथंच थांबली. कोळसा वेचून काढावा म्हटलं, तर तो मातीत मिसळून गेलेला. तो रोज विचारायचा, ज्वारी कशी हाय. ती म्हणायची, लई झाक. तेवढ्या शब्दावर तो दोन घास खायचा, मग खरं बोलणार कसं?

आज येळवस. ह्या अवसेला आपापल्या रानात कडब्याची कोप घालून, पांडव पुजून जेवल्याशिवाय आणि पिकाला अंबील शिंपडल्याशिवाय इकडं कुणी राहत नाही. रानात ने म्हणून तो हट्टालाच पेटला. शेवटी रावजीच म्हणाला, वैनी, माझ्या रानात घाला कोप.

कडब्याच्या कोपीत पांडव म्हणून पाच दगड मांडून पूजा झाली. सिद्धप्पाने डाव्या हाताने ज्वारीचं एक पान चाचपलं आणि हसला. तिला भरून आलं. ती डाळी-भाज्यांची भज्जी वाढायला वाकली, तेवढ्यात त्याने खाली हात घालून मूठभर माती उचलली. बोटांनी कुस्करली. तळवा डोळ्यांपाशी नेला. कोळशाचा एक खडा लागेना.

"ह्ये आपलं रान न्हवं. गुरं कवा इकली?"

तिने पळी भांड्यात ठेवून दिली.

"आखाडात."

"गोठ्यातनं आवाज न्हाय, तवाच वाटलं मला. मंग कोरडाच घातला."

"व्हय."

तो ओरडेल म्हणून ती थांबली. ओरडला असता तर बरं झालं असतं. त्याने माती धोतराला पुसली. भरलेलं ताट न शिवता बाजूला सारलं आणि अंबिलाचं मडकं तिच्याकडे ढकललं.

"रावजीच्या रानाची पूजा झाली. आपलं तितं उपाशी बसलंय."

ती मडकं घेऊन बांध ओलांडून गेली. एवढ्या रानाला एका मडक्याने काय होणार, हे तिला कळत होतं. तरी ज्वारीच्या पिवळ्या ताटांच्या बुडाशी ती थोडं थोडं ओतत गेली. अंबील पडलं तिथं लगेच जिरत होतं. पहिली सरी संपायच्या आत मडकं रिकामं झालं.

"पुरलं का गं?" पलीकडून त्याने विचारलं.

लई झाक, हे शब्द तिच्या ओठांवर आलेच होते.

"न्हाय," ती म्हणाली.